एक घर, एक शेगडी, एका गाडीची जागा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी मोटार चालवायला शिकवणे आणि आता काही नाही, राहणार ह्याच घरात, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावला की नजरही ठीक आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा लाडीगोडीने करत नाही. डोके ठिकाणावर असले तरी ते गोंधळलेले आहे, हेही इथेच नमूद करते. गोंधळलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "वेड्याला येत नाही. गोंधळलेल्याला येतं. नाहीतर आमचा धंदाच बसला असता."

ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. गल्लीत मला ब्रेकबाई म्हणतात. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो मी जरा लवकर मारते असे काही लोकांचे मत आहे. ह्या शहरात जे गाडी नीट चालवतात त्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेले आहेत. जे नीट चालवत नाहीत ते दुसरीकडे शिकले.

हे माझे चौथे मृत्युपत्र असून आधीची तिन्ही रद्द समजावीत. त्यांतले एक मी स्वतः फाडले, बाकीची मी रद्द केलेली नाहीत. ती नगररचना कार्यालयाने रद्द केली, आणि तीही माझ्या मरणाआधी, ज्याला खरे तर कोणाची परवानगी लागत नाही.

कलम १. घर.

हे घर माझ्या यजमानांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून बांधले. विटा दोघांनी वाहिल्या, कागद मात्र यजमानांच्या नावावर झाला, आणि त्यांच्यानंतर माझ्या. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. मधली अरुंद वाट ओलांडली की मागे एक मोठी खोली आहे. तिथे माझी धाकटी जाऊ राहते. तिचे यजमानही गेले. मूलबाळ आम्हा दोघींना नाही. ह्या छपराखेरीज तिला दुसरे छप्पर नाही, आणि मागायला जाईल अशी ती नाही.

आम्ही दोघी बरीच वर्षे एकमेकींशी सरळ बोलत नव्हतो. त्याचे कारण कलम ५ मध्ये आहे. पण बोलणे वेगळे आणि छप्पर वेगळे. माझ्यामागे धाकटीला त्या खोलीतून कोणी उठवू नये, हा ह्या कागदाचा मूळ हेतू आहे. बाकी सगळे तोंडी लावणे.

पहिले मृत्युपत्र अगदी सोपे होते. मागची खोली धाकटीला, पुढचे सगळे भाच्याला. भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. यजमान जाताना असेच सांगून गेले होते. वकीलबाईंनी ते वाचले आणि घराचा मंजूर नकाशा मागितला. तो मी ट्रंकेतून काढून दिला. त्यांनी मागच्या खोलीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, कोठी. म्हणजे सामान ठेवायची जागा. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून कोठीत राहत होती आणि आम्हा कोणालाच पत्ता नव्हता.

"आता हे वेगळं घर म्हणून कसं द्यायचं ते नगररचनेत विचारून या," वकीलबाई म्हणाल्या.

मी गेले. खिडकीत ओळखीचा चेहरा. ह्याला मी गाडी शिकवली होती. पुढे झकास चालवायचा, पण मागे घ्यायची म्हटली की घाम फुटायचा. परीक्षेत तीनदा नापास झाला तो त्याच पायी. तेव्हापासून त्याचे नाव रिव्हर्सवाला. मला बघून तो उभाच राहिला. मग त्याने शहराचा नकाशा उलगडला. आमची गल्ली त्यात पिवळी होती. पलीकडचा रस्ता निळा, त्याच्या पुढे पट्ट्यापट्ट्यांचे काहीतरी.

"बाई, पिवळं म्हणजे सुटी घरं. एका जागेवर एक घर. मागच्या खोलीत स्वयंपाक होतो का?"

"होतो. तिची शेगडी आहे."

"मग ते दुसरं घर झालं."

"अरे, फाटक एक, नळ एक, विजेचा मीटर एक. दुसरं घर कुठून झालं?"

"फाटकाचं काही नाही. नियमात घर म्हणजे स्वयंपाकघर. जितक्या शेगड्या तितकी घरं."

म्हणजे चार माणसे चार खोल्यांत तोंडे फिरवून बसली तरी ते एक घर, आणि एकीने वेगळा भात लावला की दुसरे.

"बरं, दोन घरं तर दोन घरं. दे लिहून."

"दोन घरांना दोन गाड्यांची जागा लागते."

"आमच्याकडे चालणारी एकही गाडी नाही."

"गाडी नसली तरी चालेल. जागा पाहिजे."

"पुढे एक जागा आहे. तिथे शिकवणीची जुनी गाडी उभी आहे."

"ती सुरू होते?"

"नाही."

"मग ती गाडी नव्हे बाई, भंगार. पिवळ्यात भंगार ठेवता येत नाही." हे सांगताना तो ओशाळला, कारण त्याच गाडीवर तो शिकला होता. मग त्याने पट्टीने नकाशा मोजला. "दुसरी जागा एकच निघते. मागची खोली पाडली तर."

"धाकटीला खोली द्यायची म्हणून धाकटीची खोली पाडायची?"

"हो. म्हणजे मग खोली कायदेशीर होते."

"कुठली खोली?"

त्याने नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तेही खरंच," म्हणाला आणि आत जाऊन साहेबांना विचारून आला. साहेबही तेच म्हणाले.

दुसरे मृत्युपत्र मी भाच्याच्या सल्ल्याने केले. सगळे घर दोघांच्या नावे, वाटणी न करता. भाचा वाईट नाही. येताना फळे आणतो, पंखा पुसून जातो. तो इमारतींचे कागद करून देतो, त्यामुळे त्याला कुठलेही घर दिसले की त्याच्यावर किती मजले बसतील ते दिसते. त्याने मला कागदावर चार मजले काढून दाखवले.

"मामी, बसस्थानक जवळ आलं ना, आता इथे चार बसतात. नवा नियम."

"आणि गाड्या कुठे लावायच्या?"

"गाड्यांची जागा लागतच नाही. बसस्थानक जवळ आहे म्हणून."

"म्हणजे चार मजल्यांना जागा नको, आणि आम्हा दोन म्हाताऱ्यांना हवी?"

"तुम्ही जुन्या नियमात आहात मामी. घर पाडलं की नव्यात येता."

बस आमच्यासाठीही तिथेच थांबते, हे कोणाला सांगावे ते मला कळेना. शेवटी विचारले, "आणि धाकटी कुठे जाईल?"

"त्यांची सोय करू की."

सोय हा शब्द मी लोकांना घर बदलताना कुत्र्याबद्दल वापरताना ऐकला आहे. दुसरे मृत्युपत्र मी त्याच्यासमोर फाडले. त्याला राग आला नाही. हा मुलगा रागावत नाही, हीच त्याच्याशी भांडण्यातली अडचण आहे.

तिसऱ्यात घर भाच्याला आणि धाकटीला मागच्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क, अशी तोड मी काढली. वकीलबाई म्हणाल्या, राहण्याचा हक्क देता येतो, पण कोठीत राहण्याचा देता येत नाही. कोठीत सामान राहते. तेही बाद झाले.

ह्या दिवसांत मी पुष्कळ वाचले. चटई क्षेत्र, सामासिक अंतर, भोगवटा, अनुज्ञेय वापर. ह्यांतली चटई तेवढी मला समजते. चौकात आधी कोणी जायचे हे मी हजारो लोकांना शिकवले, तोही नियमच. पण त्या नियमात निदान समोरून येणारा माणूस दिसतो. इथे कोण कोणाला धडकू नये म्हणून हे सगळे चालले आहे, ते मला आजतागायत समजलेले नाही.

कलम २. पाटी.

'येथे गाडी लावू नये' ही माझ्या फाटकावरची लोखंडी पाटी समोरच्या बंगलेवाल्यांना द्यावी. त्यांनी तिच्यासमोर रोज गाडी लावली आहे, त्यामुळे ती त्यांच्या चांगली ओळखीची आहे. खिळेही सोबत द्यावेत.

कलम ३. शिकवणीचे लाल शंकू, रस्त्याच्या खुणांचे तक्ते आणि लाकडी खेळणी-गाड्या, ज्या टेबलावर मांडून मी चौक समजावत असे, त्या सगळ्या रिव्हर्सवाल्याला. त्याने त्या कार्यालयात ठेवाव्यात आणि लोकांना नियम सांगताना मांडून दाखवाव्यात. कदाचित त्यालाही कळेल.

कलम ४ वकीलबाईंनी वगळायला लावले. ते भाच्याच्या सासऱ्यांबद्दल होते आणि खरे होते.

कलम ५. आमचे भांडण.

मृत्युपत्रात भांडण कशाला, असे वकीलबाईंचे म्हणणे. पण ते भांडण नसते तर दुसरी शेगडी नसती, आणि शेगडी नसती तर हा कागद एका पानात संपला असता.

यजमान गेल्यावर धाकटीने ठरवले की आपणही गाडी शिकायची आणि माझ्याबरोबर शिकवायची. मला आनंद झाला. ती चांगली शिकत होती. हात हलका, नजर लांब. एके सकाळी चौकात ती वळत असताना उजवीकडून ट्रक आला. मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला. गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली आणि चारही बाजूंनी भोंगे सुरू झाले. धाकटीने पट्टा सोडला, दार उघडले आणि उतरली.

"ट्रक थांबला होता, ताई. त्याने मला हात दाखवला होता."

"येत होता! बस आत!"

"ह्या गाडीत चालवणारी मी आणि थांबवणाऱ्या तुम्ही. मला नाही बसायचं अशा गाडीत."

आणि ती भर चौकातून चालत घरी गेली. ट्रकवाला तिच्यासाठी थांबला, हे मी मान्य करते. पण ते नंतर. आधी तो येत होता. मी आजही तेच म्हणते.

दुसऱ्या दिवशी तिने आपली वेगळी शेगडी आणली आणि मधल्या वाटेच्या दाराला कपाट लावले. तेव्हापासून आमचा निरोप्या म्हणजे इस्त्रीवाली. ती माझ्या पुढच्या पडवीत टेबल मांडून कपडे इस्त्री करते. "मोठ्यांना सांग, नळ गळतोय," धाकटी अंगणातून म्हणे. "तिला सांग, मला कान आहेत," मी खिडकीतून म्हणे. इस्त्रीवाली इस्त्री न उचलता दोन्ही निरोप पोचवत असे, जरी ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलेले असत.

कलम ६. शेगड्या.

तीन मृत्युपत्रे बाद झाल्यावर मी पुन्हा खिडकीवर गेले. रिव्हर्सवाल्याने आजूबाजूला बघितले आणि हळू आवाजात सांगितले, "बाई, वाटण्या करू नका. सगळं घर धाकट्या बाईंना देऊन टाका. एक मालकीण, एक घर. फक्त तुमच्यामागे त्या नाव बदलायला आल्या की पाहणी होणार. दोन शेगड्या दिसल्या की मागची खोली बंद करायची नोटीस निघणार. एकच दिसली तर मागची खोली म्हणजे त्याच घरातली एक खोली. कोणी काही बोलणार नाही. तुम्ही असतानाच पाहणी करून दाखला घेऊन ठेवा."

इतके सोपे होते तर आधी का नाही सांगितलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "आधी तुम्ही दोन घरांचं विचारलंत."

यजमानांचा शब्द मोडणार होता. पण भाच्याला राहायला घर आहे, आणि यजमानांनी पिवळा रंग पाहिला नव्हता.

आता प्रश्न, शेगडी कोणाची जायची. घर माझ्या नावावर, तेव्हा तिची काढ म्हणायला मला कोणाची आडकाठी नव्हती. पण माझ्यामागे राहायचे तिला. तिच्या ओट्यावर तिची सवय बसलेली. माझे काय, मी मूठभर भात शिजवते आणि तोही करपवते. मी माझी शेगडी काढायची ठरवले. जेवणाचा डबा कोपऱ्यावरून लावता आला असता. इस्त्रीवालीला सांगितले, भंगारवाल्याला बोलाव, आणि तिकडे काही बोलू नकोस. धाकटीला कळले असते तर ती म्हणाली असती, उपकार नकोत. शेगडी गेली. मी पाहणीसाठी अर्ज केला.

पाहणीसाहेब आले. तरुण होते, हातात मोजपट्टी, वहीला पेन बांधलेले. माझा रिकामा ओटा बघून त्यांनी नोंद केली. "स्वयंपाक मागे होतो," मी ऐटीत सांगितले आणि त्यांना अंगणातून मागे घेऊन गेले.

धाकटीचा ओटा रिकामा होता. शेगडीच्या पायांचे चार डाग तेवढे राहिले होते. धाकटी ओट्याला टेकून उभी होती, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की आता तरी तुमचं काम झालं ना.

"स्वयंपाकघर कुठाय?" साहेबांनी विचारले.

"पुढे," धाकटी म्हणाली.

"पुढे नाही. पुढे मी बघून आलो."

मग सगळे उघडकीला आले. मी नगररचनेत गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात धाकटी त्याच खिडकीवर गेली होती. माझ्या शेगडीमुळे ताईंचं घर अडकलंय का, असे तिने विचारले, आणि रिव्हर्सवाल्याने मला जे सांगितले तेच तिलाही सांगितले. तिने आपली शेगडी इस्त्रीवालीला देऊन टाकली. जेवायचे काय करणार होतीस, असे मी नंतर विचारले. म्हणाली, "इस्त्रीवालीकडे त्याच शेगडीवर दोन पोळ्या भाजून घेतल्या असत्या."

"तुला दोन्हीकडचं ठाऊक होतं!" मी इस्त्रीवालीवर ओरडले.

"दोघींनी सांगितलं होतं, तिकडे बोलू नकोस," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळं सांगत आले. एकदा म्हटलंत ना, नको सांगू, म्हणून नाही सांगितलं."

पाहणीसाहेब वहीत लिहीत होते. मी वाकून पाहिले. 'निवासी वापर आढळला नाही.'

"म्हणजे काय?"

"स्वयंपाकघर नाही, म्हणजे घर नाही. गोदाम लिहावं लागेल. आणि पिवळ्यात गोदाम चालत नाही." त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिले असावे, कारण वही मिटली. "आज मी आलोच नव्हतो. पुढच्या आठवड्यात येतो. तोवर काय ते ठरवा."

ज्या घरात मी नवरी म्हणून आले, जिथून दोघा भावांना शेवटचे बाहेर नेले, तिथे कोणी राहत असल्याचे आढळले नाही. मला रडू आले. लिहून ठेवते, कारण ते धाकटीने पाहिले आहे आणि ती सांगायची राहणार नाही.

संध्याकाळी दोघींकडे काही शिजवायला साधन नव्हते. मी बेकरीतून पाव आणि केळी आणली. कोणाच्या खोलीत बसायचे हा प्रश्न आलाच. तिच्याकडे जाणे म्हणजे माझी माघार, माझ्याकडे येणे म्हणजे तिची. अंगणात डास. शेवटी धाकटीने पुढे उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले आणि चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसली. मी माझ्या जागेवर बसले. पाव मोडून खाल्ला. काचेतून बंगलेवाल्यांची गाडी आमच्या पाटीसमोर उभी दिसत होती.

पाव संपल्यावर ती म्हणाली, "ट्रक थांबला होता."

"येत होता."

"तुमच्या बाजूचा ब्रेक अजून लागतो का?"

मी पाय दाबून बघितला. "गंजलाय. जाम झालाय."

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि मला अर्धे केळे दिले. ते केळे मी कधीही विसरणार नाही.

शेगडी आम्ही दोघींनी जाऊन नवी आणली. पुढे ठेवायची म्हटली तर तिला लांब, मागे म्हटली तर मला. मग मधल्या वाटेतले कपाट सरकवले. इस्त्रीवालीने हात लावला, नाहीतर ते हलले नसते. शेगडी तिथे बसली. जागा इतकी अरुंद आहे की एकीला फोडणी द्यायची तर दुसरीला बाजूला सरकावे लागते, आणि न बोलता ते जमत नाही.

साहेब पुन्हा आले. शेगडी पाहिली. "कोणाची?"

"हिची," मी म्हणाले.

"ताईंची," धाकटी त्याच वेळी म्हणाली.

त्यांनी पेन थांबवले. "कुटुंबं किती?"

मी उत्तर जुळवत होते. शिकलेले सगळे शब्द एकदम तोंडात आले. धाकटी म्हणाली, "एक. दोन असती तर इतकी वर्षं कोण भांडलं असतं, साहेब? शेजाऱ्याशी माणूस महिनाभर भांडतो."

'एक घर, एक कुटुंब' असा दाखला मिळाला आहे. तो ह्या कागदाला जोडला आहे. नियम मला अजूनही समजलेला नाही, पण दाखला समजला.

कलम ७. गाडी आणि ब्रेक.

गाडी भंगार ठरू नये म्हणून ती दुरुस्त करून घेतली. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. ती सुरू होते, म्हणून ती आता नियमानेही गाडी आहे आणि एका घराची एक जागा तिने व्यापली आहे. ती मी धाकटीला देते. परवाना काढायचे तिच्या मनात आहे. आम्ही रोज सकाळी मैदानाला चकरा मारतो, आणि मी तोंड बंद ठेवते असे मी म्हणते.

माझ्या बाजूचा ब्रेक धाकटीच्या आग्रहावरून काढून टाकला आहे. तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. तो माझ्या भाच्याला द्यावा. त्याच्यावर माझी माया आहे. घर न देता ब्रेक देते म्हणून त्याने वाईट वाटून घेऊ नये. कुठल्याही घरासमोर उभे राहून मजले मोजायची हुक्की आली की त्याने तो एकदा हातात घ्यावा. त्यात आत कोण राहते ते बघायला वेळ मिळतो.

कलम ८. बँकेत असेल ते आधी माझ्या शेवटच्या खर्चाला, उरले तर इस्त्रीवालीला. ती पडवीत आहे तोवर तिला पडवीतून कोणी हलवू नये. पिवळ्यात इस्त्री चालते की नाही, हे मी मुद्दाम विचारलेले नाही. विचारले की नियम निघतो, एवढे मी शिकले.

कलम ९. घराची व्यवस्था.

माझे सगळे घर, पुढचे, मागचे, मधल्या वाटेसकट आणि गाडीच्या जागेसकट, अखंड, मी माझ्या धाकट्या जावेला देते. त्यात तिने राहावे, ते विकावे, कोणाला द्यावे, ती मालकीण आहे. भाच्याला हे मी स्वतः सांगितले आहे. तो म्हणाला, "मामी, निदान छप्पर तरी दुरुस्त करून देतो." ते त्याने करावे. आत्ताच करावे.

अट एकच आहे. ह्या घरात दुसरी शेगडी आणू नये. तिने कोणाला आधार म्हणून सोबत ठेवले, भाडेकरू घेतला, भाच्याची मुले शिकायला येऊन राहिली, तरी सगळ्यांचे जेवण त्याच शेगडीवर व्हावे.

ही अट लिहिली त्याच दिवशी रिव्हर्सवाला साक्षीदार म्हणून आला आणि आनंदाने सांगू लागला, "बाई, नवा आराखडा आलाय. पुढच्या वर्षी तुमची गल्ली पिवळी राहत नाही. दोन शेगड्या चालतील, आणि गाडीच्या जागेची अटही जाणार."

म्हणजे हे सगळे केले ते कशाकरता, हे त्याने मला पुन्हा एकदा समजावले आणि मला पुन्हा एकदा समजले नाही.

"मग काय ताई," धाकटी म्हणाली, "आणायची का दुसरी?"

"कशाला? ठेवायला जागा कुठे आहे?" मी म्हणाले. जागा पुष्कळ आहे. दोन रिकामे ओटे आहेत.

म्हणून वकीलबाईंच्या शब्दांत लिहिते: वरील अट ही नियम असो वा नसो, तो बदलो वा रद्द होवो, रंग पिवळा राहो की दुसरा कुठला होवो, कायम राहील.

हे मृत्युपत्र मी वाचले, धाकटीने वाचले, तिने दोन ठिकाणी नाक मुरडले, आणि मी खालील साक्षीदारांदेखत सही करत आहे. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे ऐनवेळी निघाले, त्यामुळे इस्त्रीवाली आणि रिव्हर्सवाला दोघेही बाद झाले. ते चहा पिऊन बाजूला बसले आहेत.

सही: मृत्युपत्र करणारी (ब्रेकबाई)

साक्षीदार पहिला: गॅरेजवाला. हाताला तेल असल्याने सहीजवळ डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये.

साक्षीदार दुसरे: समोरचे बंगलेवाले. ऐनवेळी दुसरे कोणी मिळाले नाही. पाटी त्यांना मिळायची म्हणून तेही बाद होतात, असे वकीलबाईंनी दाखवून दिले. तेव्हा कलम २ रद्द. पाटी फाटकावरच राहील. त्यांनी सही केली आणि गाडीही काढली.

स्थळ: घराची मधली वाट, शेगडीजवळ.

दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी.

सह्या झाल्यावर त्याच साक्षीदारांसमोर वाढवलेली ओळ: कलम ५ मधला ट्रक थांबला होता असे धाकटीचे म्हणणे असून ते लिहून घ्यावे असा तिचा हट्ट आहे. मृत्युपत्र करणारीला ते म्हणणे मान्य नाही. ह्या बाबतीत दोघींचे एकमत होईपर्यंत दोघींपैकी कोणीही मरायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे.